हजेरी आणि कौल

राज्यकर्ता बोलतो तेव्हा ऐकणारे किती, हे जाणून घेण्याची उत्सुकता पुरातन आहे. तो आकडा राज्यकर्त्याने स्वतःच जाहीरपणे मिरवावा, ही प्रथा मात्र अगदी अलीकडची. २०२० च्या मार्च महिन्यात, महामारी ऐन भरात येत असता, अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प दररोज पत्रपरिषद घेत. वृत्तवाहिन्यांवर या परिषदा सरासरी पंचाऐंशी लक्ष लोक पाहतात, असे एका वृत्तपत्राने लिहिले, आणि वधूवरांच्या निवडीवर बेतलेल्या एका लोकप्रिय मालिकेच्या अंतिम भागाशी त्या संख्येची तुलना केली. २९ मार्च रोजी अध्यक्षांनी हा मजकूर मोठ्या समाधानाने स्वतःच लोकांपुढे ठेवला. आपल्याकडेही त्याच आठवड्यात असाच एक आकडा गाजला. २४ मार्च रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. ते भाषण २०१ वाहिन्यांवरून एकाच वेळी दाखविले गेले आणि ते १९.७ कोटी लोकांनी पाहिले, असे प्रेक्षक-मापन करणाऱ्या संस्थेने सांगितले. क्रिकेटच्या अंतिम सामन्यालाही एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते, ही गोष्ट त्या वेळी आवर्जून नमूद करण्यात आली.

या आकड्यांचा अर्थ काय? ते लोकप्रियतेचे माप आहे, विश्वासाचे आहे, की केवळ कुतूहलाचे? हा प्रश्न राजकारणी मंडळींवर आणि जाहिरातदारांवर सोपवून आपण मोकळे व्हावे असे पुष्कळांना वाटेल. परंतु श्रोता म्हणजे काय आणि त्याची उपस्थिती म्हणजे काय, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परके नाहीत. कीर्तनकारासमोर बसलेला, व्याख्यानमालेला आलेला, नाट्यगृहात तिकीट काढून शिरलेला मनुष्य आपण आजवर ओळखत आलो. पडद्यासमोर बसलेला हा नवा श्रोता त्यांच्याच वंशातला आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडा मागून पाहणे अवश्य आहे.

श्रोते मोजण्याचे शास्त्र अमेरिकेत जन्मले. पत्रपरिषद मात्र मुळात ऐकविण्याची संस्था नव्हे. ती विचारण्याची संस्था. वुड्रो विल्सन यांनी १९१३ मध्ये पत्रकारांना नियमाने भेटण्यास आरंभ केला, तेव्हा अध्यक्षांचे शब्द जसेच्या तसे छापण्याची मुभा नसे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या बारा वर्षांच्या कारकिर्दीत हजाराच्या घरात पत्रपरिषदा घेतल्या, पण त्या त्यांच्या मेजाभोवती उभ्या राहिलेल्या वार्ताहरांपुरत्या होत्या. लोकांशी थेट बोलावयाचे तेव्हा ते नभोवाणीकडे वळत. १९ जानेवारी १९५५ रोजी आयझेनहॉवर यांच्या परिषदेचे प्रथमच चित्रण झाले, आणि ते आधी तपासून मग लोकांस दाखविण्यात आले. २५ जानेवारी १९६१ रोजी केनेडी यांनी हा पडदाही दूर केला. प्रश्न आणि उत्तरे जशी घडली तशी त्याच क्षणी घराघरांत पोहोचली, आणि सुमारे साडेसहा कोटी लोकांनी ती पाहिली असा अंदाज करण्यात आला.

या साडेसहा कोटींपाशी क्षणभर थांबू. त्यापूर्वी अकराच आठवडे आधी झालेल्या निवडणुकीत सुमारे पावणेसात कोटींहून थोड्या अधिक लोकांनी मतदान केले होते, आणि एवढ्या मतांत केनेडी यांना प्रतिस्पर्ध्याहून जेमतेम सव्वा लाखाच्या आतच मते अधिक पडली होती. म्हणजे परिषद पाहणाऱ्यांची संख्या मतदान करणाऱ्यांच्या संख्येच्या जवळ जवळ पोहोचली होती, आणि मतदारांपैकी निम्म्यांनी तर त्यांच्याविरुद्ध मत दिलेले होते! पाहणारे सारे त्यांचे नव्हते, हे दाखविण्यास यापेक्षा निराळा पुरावा नको. शिवाय त्या काळी अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या मोठ्या संस्था तीनच होत्या. तिन्हींनी एकच गोष्ट लावली की संच बंद करणे किंवा अध्यक्षांना पाहणे एवढेच पर्याय उरत. पुढे तारेवरून येणाऱ्या वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या तेव्हा अध्यक्षांचे प्रेक्षक हटू लागले. अध्यक्ष कमी वाचाळ किंवा अधिक नीरस झाले होते असे नाही. प्रेक्षकाच्या घराला दारे अधिक झाली होती.

याच्या उलट एक उदाहरण रूझवेल्ट यांचे. १२ मार्च १९३३ च्या रविवारी रात्री त्यांनी नभोवाणीवरून बँकांविषयी भाषण केले. बँका बंद होत्या, लोकांनी भीतीने पैसा काढून घरात ठेवला होता, आणि दुसऱ्या दिवशी बँका उघडावयाच्या होत्या. त्या भाषणाला सहा कोटी श्रोते होते असे सांगतात. परंतु इतिहासकार जो आकडा खरा मानतो तो हा नव्हे. सोमवारी बँकांची दारे उघडली तेव्हा लोक रांगा लावून उभे होते ते पैसा काढण्यासाठी नव्हे, तो परत ठेवण्यासाठी. आणि महिना संपण्यापूर्वी दडविलेल्या रोख रकमेचा फार मोठा भाग बँकांत परतला. ऐकणे आणि पटणे यांतील अंतर असे कधी कधी मोजता येते. पण त्यासाठी माणसे मोजून भागत नाही, ती नंतर काय करतात ते पाहावे लागते.

आता हा विचार भारतात आणावयाचा तर दिल्लीपेक्षा ग्वाल्हेरहून आणणे मला अधिक सोयीचे वाटते, आणि त्यातही हजीऱ्याहून. किल्ल्याच्या पायथ्याशी, शहराच्या उत्तर अंगास ही वस्ती आहे. मुहंमद गौस यांचा दगडी जाळ्यांचा भव्य मकबरा आणि त्याच्या आवारात तानसेनाची लहानशी उघडी कबर, अशा दोन वास्तूंमुळे या ठिकाणाला नाव आहे. जवळच जयाजीराव कॉटन मिलची गिरणी-वस्ती होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील भोंगे थांबले. गवय्यांचे तीर्थ आणि गिरणी-कामगारांची वस्ती एकमेकांना इतकी चिकटून असलेली जागा फार क्वचित आढळेल.

या नावाविषयी थोडे विषयांतर वाचकांस खपेल अशी आशा आहे. आपली 'हजेरी' ज्या अरबी धातूवरून आली त्याचा अर्थ उपस्थित असणे. 'हजीरा' हा शब्द कानाला तिचाच भाऊ वाटतो, परंतु त्याचे मूळ निराळे. त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, आवार, आणि त्यावरून कबरीचे आवार. एक शब्द उपस्थितीचा, दुसरा वेढलेल्या जागेचा. श्रोत्यांची संख्या वाचताना हेच दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. समोर बसलेला मनुष्य आपण होऊन हजर आहे की कुंपणात सापडला आहे, हे आकडा सांगत नाही.

तानसेन ज्या काळात गात होता त्या काळी गवयाचा श्रोता एकच, तो म्हणजे बादशहा. बाकीचा दरबार त्या एकाच्या मुद्रेकडे पाहून माना डोलावी. स्वामी हरिदासांचे गाणे ऐकण्यासाठी अकबर वेष पालटून गेला ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिचे सौंदर्य हेच की तेथे सत्ताधारी बोलणारा नसून ऐकणारा आहे, आणि त्याच्या हजेरीची नोंद ठेवणारा कोणी नाही. एरवी दरबार म्हणजे हजेरीचेच शास्त्र. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारात काय किंवा बडोद्याच्या गायकवाडांकडे काय, कोणी कोठे बसावे, कोणी किती पावले पुढे यावे, नजर काय करावी, हे सारे ठरलेले असे. आणि दसऱ्याच्या दिवशी कोण आले यापेक्षा कोण आले नाही याचीच चर्चा अधिक होई. हजेरी हे निष्ठेचे चिन्ह मानले जाई. ते किती खोटे ठरू शकते, हे १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत एका मराठी राजाने साऱ्या साम्राज्याला दाखविले.

पंचम जॉर्ज बादशहाच्या त्या दरबाराला बहुतेक सारे संस्थानिक हजर होते. हजेरीपटाच्या दृष्टीने पाहिले तर समारंभ जवळ जवळ परिपूर्ण होता. सयाजीराव गायकवाड मुजऱ्यासाठी पुढे गेले ते पुरते दागिने न घालता. त्यांनी एकदाच लवून नमस्कार केला आणि मागे सरकत जाण्याऐवजी सरळ पाठ फिरवून ते चालू लागले. मोठा गहजब झाला, महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलासा पाठवावा लागला. सयाजीरावांचा हेतू काय होता याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. परंतु आपल्या विषयाशी संबंध येतो तो निराळ्याच गोष्टीचा. या दरबाराचे चलच्चित्रण झाले होते आणि तो प्रसंग पडद्यावर विलायतेत लोकांनी पाहिला. साम्राज्याचे वैभव दाखविण्यासाठी लावलेल्या यंत्राने, हजर असलेल्या एका माणसाची नाराजी टिपली. कॅमेऱ्यापुढे गर्दी जमविणारांनी ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी होती. पण तशी ती कोणी ठेवली असे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर दरबार गेले आणि त्यांच्या जागी आकाशवाणी आली. येथे हजीऱ्याचा संबंध पुन्हा येतो, आणि तो एका मराठी मंत्र्यामुळे. तानसेनाच्या कबरीवरील उरूस माधवराव शिंदे यांच्या राजवटीत, १९२४ पासून, संगीतोत्सवाच्या रूपाने होऊ लागला होता. त्याला अखिल भारतीय समारोहाचे रूप आले ते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या पुढाकाराने. केसकर १९५२ पासून १९६२ पर्यंत नभोवाणीचे खाते सांभाळीत होते. शास्त्रीय संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमास १९५२ च्या जुलैमध्ये आरंभ झाला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. संस्थानांच्या आश्रयाला मुकलेल्या कित्येक गवयांना या धोरणाने पोटाला आधार आणि नावाला श्रोता मिळाला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

त्याच केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळ जवळ हद्दपार झाली. लोकांची अभिरुची बिघडते, ती सुधारणे हे शासनाचे कर्तव्य आहे, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. श्रोते किती आहेत हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. लोकांनी काय केले? त्यांनी मोर्चे काढले नाहीत की अर्ज केले नाहीत. संचाची कळ फिरवून सिलोन लावले. युद्धकाळात उभारलेली समर्थ प्रक्षेपण-यंत्रणा रेडिओ सिलोनपाशी आयतीच होती. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' तेथून सुरू झाली, आणि बुधवारची रात्र म्हणजे सिलोन असे समीकरण देशभर ठरून गेले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. मंत्रिपदी तेव्हाही केसकरच होते!

माझ्या मते केसकरांच्या भूमिकेत सत्य आणि प्रमाद यांची मोठी चमत्कारिक सरमिसळ होती. श्रोत्यांची संख्या म्हणजे गाण्याचे मोल नव्हे, हे त्यांचे म्हणणे अबाधित आहे. कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे किती जणांनी ऐकले यावर त्याची योग्यता ठरत नाही. परंतु शासनाचा कंठ तोच एकमेव कंठ असे मानून, श्रोता निघून जाऊ शकतो हेच ते विसरले. मोजदाद न करणाऱ्यालाही मोजदाद चुकत नाही. १९६३ मध्ये फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत राममनोहर लोहिया यांनी केसकरांचा पराभव केला. त्याचा संगीत-धोरणाशी काही संबंध होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या लढतीची कारणे सर्वस्वी राजकीय होती. तरीही श्रोता आणि मतदार हे एकाच माणसाचे दोन अवतार आहेत, आणि एकाची ओळख असली म्हणजे दुसऱ्याची असतेच असे नाही, हे ध्यानात येते.

सिलोनच्या यशाचे मापही तपासून पाहण्यासारखे आहे. ते मोजले जाई पत्रांवरून. फर्माइशींच्या पत्रांत झुमरी तलैया या बिहारातील (आता झारखंडातील) गावाचे नाव इतक्या वेळा येई की असे गाव खरोखर आहे की नाही अशी लोकांना शंका येऊ लागली. गाव खरे होते. तेथील काही उत्साही मंडळी चढाओढीने पत्रे धाडीत असत इतकेच. म्हणजे काही मोजक्या माणसांच्या टपालखर्चावर एका लहानशा गावाला देशाच्या अभिरुचीचे प्रतिनिधित्व मिळाले. आजच्या मापनातही झुमरी तलैया आहे, फक्त ती दिसत नाही. २०२० च्या सुमारास देशातील सुमारे वीस कोटी दूरचित्रवाणी-घरांचा अंदाज चव्वेचाळीस हजारांच्या आसपास घरांत बसविलेल्या यंत्रांवरून बांधला जात असे. नमुना-पाहणीचे शास्त्र खोटे नाही. शितावरून भाताची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरातही होते. परंतु शीत कोणते निवडले हे ठाऊक झाले की कोणी तेवढेच शीत शिजवू पाहतो. अशा घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावावयास सांगितल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात केला, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे प्रसिद्ध करणे थांबविण्यात आले. ते पुन्हा मार्च २०२२ मध्ये सुरू झाले. खटला मात्र पुढे शासनानेच मागे घेतला.

पडदा आणि मैदान यांची उघड झुंज आपल्या देशात एकदाच झाली. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी, आणीबाणी सैल होऊन निवडणुका जाहीर झालेल्या असता, दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि काँग्रेस सोडून नुकतेच बाहेर पडलेले बाबू जगजीवनराम यांची सभा ठरली. रविवारी दूरदर्शनवर चित्रपट दाखवीत. त्या दिवशी ठरलेला चित्रपट बदलून 'बॉबी' लावण्यात आला. तो १९७३ चा अतोनात चाललेला चित्रपट, आणि तो घरबसल्या फुकट! लोक घरीच थांबतील ही अटकळ होती. लोक आले, आणि चालत आले. बाबूंनी बॉबीला हरविले अशा अर्थाचा मथळा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात झळकला. येथे गर्दीला अर्थ होता, कारण तिला किंमत पडली होती. एकोणीस महिने लोकांना बोलावयाची चोरी होती. चालत जाणे हेच बोलणे होते. पुढच्याच महिन्यात मतपेट्यांनी त्या गर्दीला दुजोरा दिला.

यावरून मैदान खरे आणि पडदा खोटा असा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. ग्वाल्हेरने तो मोह सात वर्षांत मोडून काढला. अटलबिहारी वाजपेयी या शहरातच जन्मले, येथील व्हिक्टोरिया कॉलेजात शिकले, आणि १९७१ मध्ये येथूनच लोकसभेवर गेले होते. त्यांच्या वाणीची वाखाणणी विरोधकही करीत. सभा असली म्हणजे विरोधी पक्षाचा मतदारदेखील घोंगडे अंगावर घेऊन रात्री उशिरापर्यंत थांबे. त्या विरामांची, त्या हातवाऱ्यांची आणि मधूनच येणाऱ्या कोटीची गोडी निराळीच होती. १९८४ च्या डिसेंबरात ते पुन्हा ग्वाल्हेरहून उभे राहिले. अर्ज भरण्याच्या शेवटच्या घटकेला काँग्रेसने माधवराव शिंदे यांना त्यांच्यासमोर आणले. माधवरावांच्या मातोश्री विजयाराजे या वाजपेयींच्या पक्षाच्या अग्रणी नेत्या. तेव्हा एका घराण्यातली दुही आणि एका वक्त्याची कीर्ती असा तो सामना झाला.

निकाल लागला तो सुमारे पावणेदोन लाख मतांनी वाजपेयींच्या विरुद्ध. इंदिरा गांधींच्या हत्येला दोन महिने व्हावयाचे होते. काँग्रेसला देशभर चारशेहून अधिक जागा मिळाल्या, वाजपेयींच्या पक्षाला दोन. ज्यांनी त्यांना ऐकले त्यांपैकी बहुतेकांनी त्यांना मत दिले नाही, हे उघड आहे. मग ते ऐकणे खोटे होते काय? तसे मला वाटत नाही. ग्वाल्हेरच्या माणसाला गाणे ऐकण्याची पिढीजात सवय आहे. बैठकीला जाणे, दाद देणे आणि बिदागी देणे या तीन क्रिया तो वेगवेगळ्या मानतो. वाजपेयींना त्याने हजेरी दिली, दादही दिली. कौल देताना त्याच्या मनात राजवाड्याचे जुने नाते होते, आणि दिल्लीतील चितेचा नवा शोक होता. देवळात कौल लावणारा मनुष्य गुरवाच्या आवाजाकडे लक्ष देत नाही. फूल उजवे पडते की डावे, एवढेच तो पाहतो.

पडद्याचे पारडे त्यामुळे जड ठरले असेही नाही. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दूरदर्शनवरून दाखविलेल्या अंत्यदर्शनाने देश हेलावला होता हे खरे. पण १९८९ पर्यंत दूरदर्शनचे जाळे कितीतरी पटींनी पसरले, पंतप्रधान राजीव गांधी त्यावर रोज दिसू लागले, आणि त्याच वर्षी त्यांचा पक्ष १९७ जागांवर येऊन थांबला. 'रामायण' मालिकेसाठी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्यातील राम झालेले नट १९८८ मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या प्रचाराला गेले, आणि निवडून आले विश्वनाथ प्रताप सिंह.

आता २०२० चे आकडे पुन्हा समोर ठेवून पाहावेत. १९ मार्च रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी रविवारच्या 'जनता कर्फ्यू'चे आवाहन केले. ते सुमारे ८.३ कोटी लोकांनी पाहिले. पाचच दिवसांनी, त्याच वेळी, तोच वक्ता बोलला. पाहणारे झाले १९.७ कोटी. १४ एप्रिलच्या सकाळी, टाळेबंदी वाढविणाऱ्या भाषणास २०.३ कोटी. वक्ता बदलला नाही, वक्तृत्वही एका आठवड्यात दुप्पट झाले नाही. बदलली ती ऐकणाऱ्याची स्थिती. उद्या दुकान उघडेल काय, गाडी सुटेल काय, गावी गेलेला मुलगा परत येईल काय, हे त्याला एकाच तोंडून कळावयाचे होते. तो आकडा वक्त्याच्या लोकप्रियतेचा म्हणण्यापेक्षा श्रोत्याच्या काळजीचा होता. महापुराची दवंडी पिटली जाते तेव्हा सारा गाव ओट्यावर येतो. म्हणून दवंडी पिटणारा काही लोकप्रिय ठरत नाही.

आणि त्या भाषणाचा अर्थ लोकांनी काय लावला? जेथे आहात तेथेच राहा, असे ते सांगणे होते. काही दिवसांतच दिल्लीहून मुरैना, ग्वाल्हेर, बुंदेलखंडाकडे मजुरांचे जथे पायी निघाले. आग्र्याचा जुना राजमार्ग माणसांनी भरून गेला. त्यांनी भाषण ऐकले नव्हते असे नाही. काम थांबले, म्हणजे मजुरी थांबली, म्हणजे भाड्याची खोली थांबली, एवढे त्यांना त्यातून नेमके कळले होते. प्रेक्षक मोजणारी यंत्रे ज्या घरांत असतात त्या घरांत हे लोक क्वचितच राहतात. त्यांचे ऐकणे त्या एकोणीस कोटींत कसे धरले गेले हा सांख्यिकीचा प्रश्न झाला. त्यांचे उत्तर मात्र रस्त्यावर दिसले.

येथे भाषण आणि पत्रपरिषद यांतील भेद पुन्हा नीट पाहावयास हवा. आपल्याकडील ही गाजलेली प्रक्षेपणे भाषणांची होती. त्यांत विचारणारा कोणी नव्हता. पंडित नेहरू वारंवार पत्रपरिषदा घेत, परंतु त्यांच्या काळी त्या घरोघर दिसण्याची सोयच नव्हती. डॉ. मनमोहन सिंग यांनी ३ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीत तासाभराहून अधिक वेळ प्रश्न घेतले. ती परिषद साऱ्या वृत्तवाहिन्यांनी दाखविली, आणि तिचे स्मरण लोकांना आहे ते तिच्या प्रेक्षकसंख्येमुळे नव्हे, तर इतिहास आपल्याकडे अधिक सदयपणे पाहील या त्यांच्या उत्तरामुळे. उलट अमेरिकेत ट्रम्प यांच्या परिषदांत प्रश्न होते, आणि तेथेच पेच आला. २३ एप्रिल २०२० रोजी जंतुनाशक द्रव्य रोग्याच्या शरीरात घालता येईल काय, असा विचार त्यांनी भर परिषदेत बोलून दाखविला. प्रेक्षक भरपूर होते, म्हणूनच तो प्रमाद एका रात्रीत सर्वतोमुखी झाला. दुसऱ्या दिवशीची परिषद प्रश्न न घेताच आटोपली आणि दररोजचा क्रम मोडला. नोव्हेंबरात त्यांना सात कोटी बेचाळीस लाखांच्या आसपास मते पडली, प्रतिस्पर्ध्याला आठ कोटींहून अधिक.

हजीऱ्याचा समारोह चालू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची शंभरी साजरी झाली. अलीकडे ग्वाल्हेरला मोजदादीचा निराळाच छंद लागला आहे. २५ डिसेंबर २०२३ रोजी किल्ल्यावर १,२८२ तबलावादकांनी एकत्र तबला वाजविला आणि जागतिक विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. पुढच्या वर्षी ५४६ कलावंतांच्या समूहवादनाची झाली. मोजले गेले ते वाजविणारे. समारोहाची सुरुवात मात्र अजून जुन्या रीतीनेच होते. सकाळी तानसेनाच्या कबरीपाशी सनई वाजते, मग ढोलीबुवांच्या गादीवरचे महाराज हरिकथा करतात आणि पाठोपाठ मिलाद शरीफ होतो. त्या वेळी सतरंजीवर ऐकावयास जे कोणी बसलेले असतील, ते तेवढेच असतात.